चौथा प्रयत्न आणि तिसरी चढाई

आमचें घर कामणास. वसईच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशीं हें गांव आहे. वसई-दिवा लोहमार्गावरील ‘कामण रोड’ स्थानकामुळें तें पुष्कळांस निदान नांवानें तरी ठाऊक असेल. गेल्या गणपतींत, अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें नोकरीस असलेला आमचा पुतण्या सुटीवर आला होता. आरती आटोपल्यावर मुलांनीं दूरचित्रवाणीवर कबड्डीचा सामना लावला. एक गडी दुसऱ्यांदा रिकाम्या हातानें मध्यरेषेवर परतला तेव्हां धाकटीं पोरें ओरडलीं, “आतां तिसरी!” पुतण्या हंसून म्हणाला, “काका, आमच्याकडच्या फुटबॉलांत हाच घोळ चौथ्या वेळीं होतो.” त्यावरून ओटीवर जो वाद पेटला तो मध्यरात्रीपर्यंत विझला नाहीं. त्याचा विषय वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें, कारण आमच्या एका जुन्या चुकीचा उलगडा आम्हांस त्यांतूनच झाला.

अमेरिकेंतील फुटबॉल हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांस निमुळता असलेला चेंडू मुख्यतः हातांत धरून अथवा फेकून पुढें न्यावयाचा असतो. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यास चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड, म्हणजे सुमारें नऊ मीटर, मजल मारली तर नवे चार प्रयत्न. न मारली तर चेंडू असेल तेथूनच प्रतिपक्षाचा. यास्तव तीन प्रयत्न फसले कीं बहुतेक पक्ष चौथ्या वेळीं चेंडू लाथेनें दूर झुगारून देतात, म्हणजे प्रतिपक्षास लांबून आरंभ करावा लागतो. किंवा गोलाचे खांब टप्प्यांत असल्यास त्यांमधून चेंडू मारून तीन गुण पदरांत पाडून घेतात.

आमच्या आक्का वयानें ऐंशीच्या घरांतल्या. त्या वाती वळतां वळतां म्हणाल्या, “चौथ्या वेळीं देऊनच टाकायचा, तर मेल्यांना चार वेळा मिळतात असें म्हणतां कशाला? तीनच म्हणा.”

आक्कांनीं वाती वळतांना जें विचारलें तेंच बर्कले येथील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनीं गणितानें विचारलें होतें. त्यांचा निबंध २००६ सालीं प्रसिद्ध झाला. १९९८ पासूनच्या तीन हंगामांतील व्यावसायिक सामने त्यांनीं तपासले. ज्या १,०६८ प्रसंगीं चौथ्या वेळीं पुढें घुसणेंच हिताचें होतें असें त्यांचें गणित सांगे, त्यांपैकीं केवळ १०९ प्रसंगीं संघांनीं तसें केलें होतें.

गणित अवघड नाहीं. समजा, गोलरेषा दोनच यार्डांवर आहे. लाथ मारली तर तीन गुण जवळजवळ निश्चित. घुसून रेषा ओलांडली तर सहा गुण आणि त्यामागून बहुधा मिळणारा एक, असे सात. आतां सात वेळा लाथ मारा, एकवीस गुण होतील. सात वेळा घुसा आणि त्यांत तीनदांच यशस्वी व्हा, तरीही एकवीसच. शिवाय ज्या चार वेळा फसाल त्या चारही वेळा प्रतिपक्ष आपल्याच गोलरेषेशीं कोंडलेला राहील, तो लाभ वेगळाच. म्हणजे यशाची आशा निम्म्याहून कमी असतांनाही धाडस करणें हाच शहाणपणा ठरतो. अर्थात् आपल्याच गोलरेषेजवळ असतांना आणि दहा-बारा यार्ड बाकी असतांना घुसणें हा निव्वळ अविचार होय. रोमर यांचें म्हणणें तसें नाहीं.

मग शिक्षक लाथच कां मारीत? पुतण्यानें याचें उत्तर दोन उदाहरणांनीं दिलें. २००९ सालीं न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे शिक्षक बिल बेलिचिक यांनीं इंडियानापोलिसविरुद्ध ३४-२८ अशी आघाडी असतां, शेवटचीं दोन मिनिटें राहिलीं असतां, स्वतःच्याच भागांत चौथ्या वेळीं दोन यार्डांसाठीं संघास पुढें घातलें. प्रयत्न फसला, ३५-३४ असा सामना गेला, आणि इतक्या नामांकित शिक्षकाची बुद्धि गेली असें सारा देश म्हणूं लागला. याउलट फेब्रुवारी २०१८ मध्यें अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत फिलाडेल्फियाचे शिक्षक डग पीडरसन यांनीं पूर्वार्धाच्या अखेरीस, गोलरेषा एका यार्डावर असतां, तीन गुणांवर पाणी सोडून संघास घुसविलें. नेहमीं चेंडू फेकणारा निक फोल्स त्या वेळीं चेंडू झेलण्यास धांवला आणि रेषेपार गेला. उत्तरार्धांत एका गुणानें मागें असतांना पीडरसन यांनीं पुन्हा चौथ्या वेळीं तेंच केलें. सामना ४१-३३ असा जिंकला आणि ते थोर ठरले. विचारसरणी दोघांचीही एकाच जातीची. लोकांनीं फळ पाहून झाडास नांव ठेविलें. लाथ मारून हरणाऱ्या शिक्षकास मात्र कोणी नांव ठेवीत नाहीं. अलीकडे तेथील संघ पूर्वीपेक्षां बरेच अधिक वेळा चौथा प्रयत्न करूं लागले आहेत असें पुतण्या सांगतो.

येथें आम्हांस आमची गोष्ट सांगणें भाग आहे. तीस वर्षांपूर्वींची असेल. आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ आम्हीच नेत असूं. एका सामन्यांत तीन मिनिटें उरलीं असतां आम्ही दोन गुणांनीं मागें होतों. आमचे तीन गडी राहिले होते, समोर सहा. आमच्यांत चढाईस जाण्याजोगा एकच मुलगा, पायानें चपळ. समोर सहा गडी असल्यानें बोनस रेषेवर पाय टाकला तरी एक गुण मिळण्यासारखा होता. परंतु तो पकडला गेला तर मागें दोघेच राहतील, लोण चढेल आणि सात-आठ गुणांनीं नाक कापलें जाईल, या भयानें आम्ही रेषेबाहेरून ओरडत होतों, “परत ये! परत ये!” तो तीनदां गेला आणि तीनदां परत आला. प्रतिपक्षही वेळ काढीत राहिला. दोन गुणांनीं हरलों.

गांवांत सर्वांनीं पाठ थोपटली. “थोडक्यांत गेला हो,” म्हणाले. तो मुलगा तेवढा परतीच्या वाटेवर म्हणाला, “गुरुजी, एकदां पाय टाकूं द्यायला हवा होता.” आम्हीं त्यास शिस्तीवर चार शब्द सुनावले. दोन गुणांनीं हरणें आणि आठ गुणांनीं हरणें यांत त्या मुलांच्या दृष्टीनें कांहींच अंतर नव्हतें. अंतर होतें तें आमच्या अब्रूच्या दृष्टीनें. तीं तीन मिनिटें आम्ही संघासाठीं नव्हे, स्वतःसाठीं खेळलों.

(संस्कृतांत ‘साहस’ शब्दाची गंमत आहे. मराठींत तो गुण; धर्मशास्त्रांतील अठरा व्यवहारपदांत मात्र तो बलात्कारानें केलेला अपराध. त्या दिवशीं आम्हीं मराठी सोडून स्मृतींचा अर्थ धरला म्हणावयाचा!)

आजच्या कबड्डींत असा वेळकाढूपणा चालत नाहीं. २०१४ सालीं प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हांपासून तींतील नियम असा कीं, एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरींत गुण मिळवलाच पाहिजे. न मिळवितां परतणारा गडी बाद, आणि गुण समोरच्यांस. अमेरिकेंतील शिक्षकास जी पळवाट आहे ती आपल्या नियमानें बुजविली आहे. तिसऱ्या चढाईंत रिकामें परतणें आणि पकडलें जाणें यांचें फळ एकच. तेव्हां तेथें विचार करण्यास जागाच नाहीं, झेपच घ्यावयाची.

पण खरा प्रश्न दुसऱ्या चढाईचा, आणि हें आमच्या घरांतील मुलांसही त्या रात्रीं प्रथमच उमगलें. दुसरी चढाई रिकामी आणणें फुकट वाटतें, तसें तें नसतें. तिसरींत हा येणारच हें समोरचे जाणतात. साखळी धरून, कोपरे आंवळून उभे राहतात. समजा, अशा नऊ चढायांत तिनांतच यश येतें. तीन मिळविले, सहा दिले. तीन गुणांचा तोटा. तेच दुसऱ्या चढाईंत, पकड करणारे अजून सैल असतांना, नवांत चारदां यश येत असेल तर चार मिळविले, पांच दिले; तोटा एकाचाच. हिशेब ढोबळ आहे, बाद गड्याची किंमत त्यांत धरलेली नाहीं. पण निम्म्याहून कमी आशेची दुसरी चढाईही हिंमतीनें करावी, हें त्यावरून दिसतें. समोर सहा-सात गडी असतील तर बोनस आहे, तेव्हां अधिकच. समोर तीन किंवा कमी उरले असतील तर जपावें, कारण त्यांनीं पकडल्यास अव्वल पकडीचे दोन गुण जातात. आघाडी असून घड्याळांत मिनिटभरच उरलें असेल तर खुशाल रिकामें यावें. तेथें वेळ हाच गुण.

पुतण्याचें यावर म्हणणें असें कीं, आपला नियमच बरा, तो भित्र्या शिक्षकाला झांकून घेत नाहीं. आमचा थोरला मुलगा म्हणाला, नियमानें दिलेली हिंमत ही हिंमतच नव्हे. या वादाचा निकाल लागला नाहीं. आक्का उठून निजावयास गेल्या.

विसर्जनाच्या दिवशीं तो जुना विद्यार्थी भेटला. आतां त्याची मुलगी शाळेच्या संघांत चढाईस जाते. आम्हीं त्यास सांगितलें कीं त्या सामन्यांत तुझें बरोबर होतें. तो क्षणभर गोंधळला; मग म्हणाला, “कोणता सामना, गुरुजी?” आम्हीं गुणसंख्या सांगितली. तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, “दोन नव्हे, तीन गुणांनीं हरलों होतों. शेवटचा माझा पाय बाहेर पडला होता, आठवतें ना? तेव्हांही आपण ‘परत ये’ म्हणूनच ओरडत होतां.”