विश्लेषण : शिकारीच्या रायफलवरील दुर्बीण… लख्ख भिंग महत्त्वाचे की भक्कम बांधणी?

अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रिया अशा परवानाधारक शिकारीला मुभा असलेल्या देशांत रायफलपेक्षा तिच्यावरची दुर्बीण महाग असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मात्र जास्तीचे पैसे भिंगाच्या स्पष्टतेसाठी मोजायचे की दणके सोसणाऱ्या बांधणीसाठी, यावर तेथील शिकाऱ्यांत जुना वाद आहे. निवड चुकली तर त्याची शिक्षा जखमी होऊन निसटलेल्या प्राण्याला भोगावी लागते. काय आहे हा वाद, याचा आढावा.

स्पष्टतेचे गणित काय?

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दुर्बिणीत असे १० पृष्ठभाग धरले, तर जवळपास एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. यावर उपाय सापडला १९३५ मध्ये. जर्मनीतील कार्ल झाइस कंपनीत काम करणारे अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा अतिशय पातळ लेप विकसित केला. आजच्या बहुस्तरीय लेपांमुळे दर्जेदार दुर्बिणीतून ९० टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश पलीकडे जातो. दुसरे गणित भागाकाराचे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८ पट वर्धन आणि ५६ मिलिमीटर भिंग असेल, तर ही रुंदी ७ मिलिमीटर येते. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तितकीच उघडते.

जर्मनीत भिंगावर भर का?

याचे उत्तर तेथील कायद्यात आणि शिकारीच्या पद्धतीत आहे. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्याच्या मूळ तरतुदीनुसार रात्र सुरू होते ती सूर्यास्तानंतर दीड तासाने. हरणांसारख्या खुरवाल्या प्राण्यांची शिकार रात्री करता येत नाही. रानडुक्कर मात्र अपवाद. त्यामुळे शेताच्या कडेला मचाणावर बसून संधिप्रकाशात किंवा चांदण्यात नेम धरणे ही तिथली नेहमीची बाब. समोरचा प्राणी नर आहे की पिलांची आई, हे अंधूक उजेडात ओळखता आले नाही, तर गोळी झाडायचीच नाही, हा तिथला शिरस्ता. साहजिकच मोठे, लख्ख भिंग ही तेथे चैन ठरत नाही.

नेम कशाने ढळतो?

पुढच्या भिंगातून येणारी प्रतिमा उलटी असते. ती सुलटी करणारी एक छोटी नळी दुर्बिणीच्या पोटात असते. एका बाजूने स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूने नेम जुळवण्याचे दोन स्क्रू तिला धरून ठेवतात. गोळी सुटताना बसणारा दणका, गाडीतला खडखडाट, दगडावर आपटणे हे सारे त्या स्प्रिंगला सोसावे लागते. पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आहे असे धरू. ही नळी केवळ ०.०५ मिलिमीटर सरकली, तरी १०० मीटरवर गोळी सुमारे ३.३ सेंटिमीटर आणि ३०० मीटरवर १० सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर रुंद. म्हणजे मधोमध धरलेला नेमही त्याच्या कडेला किंवा बाहेर जातो. प्राणी जागीच पडत नाही, रक्ताळत दूर निघून जातो.

अमेरिकेत मजबुतीला प्राधान्य का?

अमेरिकेतील अनेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिकारीची वेळ संपते. गडद अंधारात पाहण्याची गरजच कमी. उलट रॉकी पर्वतराजीत एल्कच्या मागावर जाणारा शिकारी दिवसचे दिवस चालतो किंवा घोड्यावरून जातो. निसरड्या उतारावर रायफल हातातून पडते. पल्ला अनेकदा ३०० मीटरच्या घरात आणि काडतूसही जोरकस. तिथे किंचित धूसर दिसलेले चालते, पण हललेला नेम चालत नाही.

दोन्ही गुण एकत्र मिळत नाहीत का?

मिळतात, पण त्यासाठी पैसा आणि वजन दोन्ही मोजावे लागते. अशा दुर्बिणीला दोन-तीन हजार डॉलरही पडतात. हलकी दुर्बीण साडेतीनशे-चारशे ग्रॅमची. जाड नळी, दणकट स्प्रिंग आणि मोठे भिंग असलेली आठ-नऊशे ग्रॅमपर्यंत जाते. ठरावीक पैशांत मात्र कुठेतरी तडजोड आलीच. त्यात ग्राहकाची फसगत होण्याचे एक कारण आहे. भिंगाची स्पष्टता दुकानात दोन मिनिटांत दिसते. स्प्रिंगची ताकद दिसत नाही. ती कळते शेकडो गोळ्या झाडल्यावर, नाहीतर ऐन वेळी.

मग निवड कशी करावी?

पहिला निकष पल्ला आणि वेळ. मचाणावरून, शंभरेक मीटरवर, संधिप्रकाशात शिकार करणाऱ्याने भिंगाला झुकते माप द्यावे. डोंगरात पायपीट करणाऱ्याने बांधणीला. दुसरा निकष वय. पन्नाशीनंतर बाहुली बहुतेकांची ५ मिलिमीटरच्या आसपासच उघडते. त्यांना ७ मिलिमीटरच्या झोताचा पुरेपूर उपयोग होत नाही. तिसरे म्हणजे चाचणी. नेमाचे स्क्रू ठरावीक अंतर फिरवून पुन्हा मूळ जागी आणल्यावर गोळी पहिल्याच ठिकाणी लागते का, हे चांदमारीच्या मैदानावर तपासता येते. नेम हलला की दोष दुर्बिणीला दिला जातो. पण ती रायफलवर बसवणाऱ्या कड्यांचे सैल स्क्रूही कारणीभूत असू शकतात. म्हणून आधी ते पाहावेत.

भारतात याचा संबंध काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्यासारखे मोजके अपवाद मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशानेच होतात. ऑलिम्पिक नेमबाजीतही रायफलवर दुर्बीण चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर प्रकारात कांस्यपदक जिंकले ते दुर्बिणीविनाच. मात्र भिंगाचे गणित ताडोबात किंवा भिगवणला पक्षी पाहायला जाणाऱ्यांनाही लागू पडते. ८ बाय ४२ ची दुर्बीण सव्वापाच मिलिमीटरचा झोत देते, १० बाय २५ ची केवळ अडीच. भल्या पहाटे हा फरक डोळ्यांना जाणवतो. नेमाचा प्रश्न नसल्याने पक्षीनिरीक्षकाने आधी भिंग पाहावे आणि पाणी-धूळ आत शिरणार नाही एवढी बांधणी आहे ना, याची खात्री करून घ्यावी.