अडीच वाजले म्हणजे 'हाल्ब ड्राय' : मराठी मुलांचं जर्मन

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली वाक्यं थोडी आवरून घेतली आहेत.)

मागच्या भागानंतर साताऱ्याहून एका ताईंचा मेसेज आला. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमात. तिला जर्मन शिकायचंय. एका क्लासमध्ये चौकशी केली तर उत्तर मिळालं, "आधी इंग्रजी पक्कं करा, मग बघू." ताई विचारतात, हे खरंच गरजेचं आहे का?

मी नववीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना जर्मन शिकवते. माझं उत्तर सरळ आहे : नाही. इंग्रजीचा फायदा होतो, पण तो शब्दांपुरता. हांड म्हणजे हात, हाउस म्हणजे घर, हे पटकन लक्षात राहतं. वाक्याची बांधणी मात्र मराठी येणाऱ्याला जास्त जवळची वाटते.

हे वाक्य बघा. 'वाइल इश हॉयटं क्रांक बिन.' वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, हॉयटं म्हणजे आज, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. कारण मी आज आजारी आहे. एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही! इंग्रजीतून विचार करणारी मुलं हा 'बिन' मध्येच टाकतात, कारण तिकडे 'आय ॲम' आधी येतं. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं हे खरं, पण 'कारण', 'की', 'जेव्हा' असं काही आलं की ते आपल्यासारखं शेवटी जाऊन बसतं.

दुसरं, 'मला'. मराठीत आपण 'मी पुस्तक आवडतो' म्हणत नाही. मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं. जर्मनमध्ये 'गेफालन' हे क्रियापद अगदी असंच चालतं : एक पुस्तक असेल तर 'गेफेल्ट मिअर', अनेक असतील तर 'गेफालन मिअर'. हा मिअर म्हणजे आपला मला. थंडी वाजली तरी 'मिअर इस्ट काल्ट', मला गार वाटतंय. 'आय लाइक'मधून आलात तर हे सगळं उलटं वाटणार.

आणि लिंगं! डेअर, डी, दास हे ऐकून लोक घाबरतात. मार्क ट्वेननं 1880 साली यावर भरपूर थट्टा केली होती : या भाषेत म्हणे तरुण मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम मात्र स्त्रीलिंगी. आपल्याला यात हसण्यासारखं फार काही नाही, आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. मुलगी म्हणजे 'मेडशन', आणि त्यातला 'शन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आता आपले शब्द आठवा : वासरू, कोकरू, करडू, लेकरू, पिल्लू. सगळी 'ती' नव्हे, 'ते'! अर्थात प्रत्येक शब्दाचं लिंग जुळत नाही. घर आणि पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी, पण दार तिकडे स्त्रीलिंगी. पाठांतर चुकत नाही. फक्त वस्तूला लिंग असतं, हे समजावण्यात माझा एक तास वाया जात नाही.

आता घड्याळ. माझा आवडता भाग. 'हाल्ब ड्राय' म्हणजे शब्दशः अर्धा तीन. ब्रिटिश माणूस बोलताना 'हाफ थ्री' म्हणतो तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. जर्मन माणसाचे वाजलेले असतात अडीच. तिसरा तास अर्धा झाला, असा त्यांचा हिशोब. गंमत म्हणजे आपला 'अडीच'ही संस्कृत 'अर्धतृतीय'वरूनच आला, म्हणजे तिसरा अर्धा. दीडचंही तसंच : जर्मनमध्ये दीडला 'आन्डर्टहाल्ब' म्हणतात, दुसरा अर्धा. पुढे मात्र सांभाळा, कारण आपण साडेतीनवर गेलो की हिशोब बदलतो आणि ते म्हणतात 'हाल्ब फिअर', अर्धा चार. इथे माझी मुलं हमखास घसरतात.

आकड्यांचंही सांगते. 25 ला जर्मन म्हणतात पाच-आणि-वीस. आपण पंचवीस. फोन नंबर ऐकून लिहिताना इंग्रजीतून ऐकणारं मूल 52 लिहून मोकळं होतं. 2019 साली आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली आणि केवढा वाद झाला, आठवतंय ना? जर्मनीतही आकडे वीस-एक असेच म्हणावेत, अशी मागणी करणारी एक संघटना आहे. भांडणसुद्धा सारखंच!

संस्कृती म्हणजे बिअर आणि फुटबॉल असं मुलांना वाटतं. मी सुरुवात प्रगतिपुस्तकानं करते. तिकडे 1 म्हणजे सर्वात चांगलं आणि 6 म्हणजे नापास. जर्मन मुलाला 1 मिळाला म्हणून आपली मुलं हळहळतात. मग 'डू' आणि 'झी', म्हणजे तू आणि तुम्ही. आपल्याकडे आईला तू आणि बऱ्याच घरांत बाबांना अहो. तिकडे घरात सगळे डू. उलट अकरावीच्या सुमारास बऱ्याच शाळांत शिक्षकच विद्यार्थ्यांना झी म्हणायला लागतात. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ना! सर आपल्याला अहो-जाहो करतील, ही कल्पनाच झेपत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिल्या तर तिकडे अपशकुन मानतात, हेही सांगून ठेवते.

एक गोष्ट मला खटकते. अकरावीला बरीच मुलं मार्क मिळतात म्हणून मराठी सोडून जर्मन घेतात. घ्या, माझी ना नाही, माझं पोटच त्यावर चालतं. पण ज्या भाषेच्या आधारानं जर्मन सोपी झाली असती तीच बाजूला ठेवायची, आणि मग इंग्रजीतल्या गाइडमधून क्रियापदाची जागा पाठ करायची, हा उफराटा कारभार आहे.

तर साताऱ्याच्या ताई, मुलीला पाठवा. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनसारख्या ठिकाणी या वयाच्या मुलांसाठी 'फिट इन डॉइच' नावाच्या परीक्षा असतात, पहिली पातळी ए-वन. पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत किंवा जर्मनमध्येच असतील, त्याची तयारी ठेवा. शिक्षक निवडताना एकच विचारा : मुलीनं मराठीतून शंका विचारली तर चालेल का?

आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून दीडकी आणि अडीचकी म्हणून घ्या. मग तेच घड्याळावर, जर्मनमध्ये. रेकॉर्ड करून पाठवलंत तर पुढच्या भागात ऐकवेन.