कॅपोचा धातू, कॅपोचा दाब

गिटारच्या दुकानात कॅपो मागितला की काउंटरवर तीन-चार तऱ्हेचे कॅपो येतात. चिमट्यासारखा स्प्रिंगचा, मागून स्क्रूने आवळायचा, तरफ दाबली की जागेवर बसणारा, शिवाय सर्वांत स्वस्त असा इलास्टिकच्या पट्ट्याचा. किमतींत मोठी तफावत असते आणि ती बहुतेक वेळा आवाजाच्या भाषेत समजावली जाते. पितळी कॅपोने आवाज भरदार येतो, ॲल्युमिनियमने पातळ होतो, स्वस्त कॅपो आवाज मारतो, वगैरे. कॅपो बदलल्यावर आवाज बदललेला ऐकू येतो, हे खरंच आहे. पण त्याचं कारण सांगितलं जातं ते बहुधा चुकीचं असतं, आणि त्यामुळे शिकणाऱ्यांचे पैसे भलत्या गोष्टीवर खर्च होतात.

धातूचा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करू. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की वाजणाऱ्या तारेचं एक टोक ब्रिजच्या सॅडलवर असतं आणि दुसरं टोक दुसऱ्या फ्रेटच्या धातूवर. कॅपो त्या फ्रेटच्या मागे, नटच्या बाजूला, तार फक्त दाबून धरतो. तेही रबराच्या पॅडने. पितळ, स्टील किंवा ॲल्युमिनियम तारेला शिवतसुद्धा नाही. बोट हेच काम करतं. बोटाचं टोक कॅपोच्या रबराहून मऊच असतं, तरी नीट दाबलेला स्वर स्वच्छ येतो, कारण त्या स्वराचं टोक बोट नसून फ्रेट असतो.

तरीही कॅपो लावल्यावर मोकळ्या तारांचा पोत वेगळा वाटतो, आणि हा भास नाही. कॅपो नसताना मोकळी तार नटच्या हाडावर किंवा प्लॅस्टिकवर टेकलेली असते. कॅपो लावला की ती फ्रेटच्या धातूवर टेकते, म्हणजे बोटाने दाबलेल्या स्वरांसारखीच. एखादी कॉर्ड वाजवताना तीन तारा दाबलेल्या आणि तीन मोकळ्या असल्या तरी सगळ्या एकाच जातीच्या ऐकू येतात. काही गिटारांना नटला लागूनच शून्य फ्रेट बसवलेला असतो, त्यांच्यात हा एकसारखेपणा कॅपोशिवायच मिळतो. थोडक्यात, हा बदल कुठल्याही कॅपोने होतो. त्याचं श्रेय एका कंपनीला देता येत नाही.

मग दोन कॅपोंमध्ये फरक पडतो तो नेमका कुठे? एक जागा म्हणजे कॅपो आणि नट यांच्यामधला तारेचा तुकडा. कॅपो पाचव्या फ्रेटवर लावा आणि त्या तुकड्यावर नखाने छेडा. बारीक, उंच ‘टिंग’ ऐकू येईल. जोरात स्ट्रमिंग केलं की हे तुकडेही थोडेसे झंकारतात. पॅड किती रुंद आणि किती मऊ आहे, यावर हा झंकार किती दबतो ते ठरतं. शांत खोलीत फिंगरस्टाइल वाजवताना तो कानाला टोचत असेल, तर त्या तुकड्यांखालून कापडाची एक पट्टी ओवून घ्या. फरक ऐकू आला तर तुमच्या कानाने खरी गोष्ट पकडली होती, आणि तिचा इलाज फुकटात झाला.

दुसरी जागा वजनाची. नेकला जड वस्तू जोडली की नेकचं स्वतःचं कंपन थोडं बदलतं, यात शंका नाही. पण हा परिणाम पुढे येणाऱ्या गोष्टींच्या मानाने फारच सूक्ष्म आहे. तपासायचा असेल तर कॅपो हेडस्टॉकला चिमटून मोकळ्या तारा वाजवा, मग काढून वाजवा. फक्त आपण पाठ फिरवून बसावं आणि कॅपो दुसऱ्याने लावावा-काढावा. हातात जड, चकचकीत पितळ असलं की कानही भारदस्त ऐकू लागतात.

सगळ्यांत मोठा फरक दाबाने पडतो, आणि नेमकी याबद्दलची समजूत उलटी आहे. ‘कॅपो जेवढा घट्ट, तेवढा आवाज स्वच्छ’ असं शिकवलं जातं. तार फ्रेटला पक्की टेकेपर्यंत हे बरोबर आहे. दाब कमी पडला तर तार फ्रेटवर खरखरते. पण एकदा ती टेकली की त्यापुढचा दाब तिला फ्रेटच्या मागे खाली लाकडाकडे ढकलत राहतो. तार ताणली जाते आणि स्वर चढतो. तोही सगळ्या तारांवर सारखा चढत नाही. प्रत्येक तारेची जाडी, ताण आणि ताणाला मिळणारा प्रतिसाद वेगळा, त्यामुळे एक तार थोडी चढते आणि दुसरी जास्त. एका अर्ध्या स्वरात 100 सेंट असतात. दोन तारांमध्ये त्यातले काही मोजके सेंट इकडेतिकडे झाले तरी कॉर्ड आंबट लागते. ‘या कॅपोचा आवाज कर्कश आहे’ ही तक्रार कितीदा तरी प्रत्यक्षात बेसूरपणाची तक्रार असते. बेसूर कॉर्डमधले स्वर एकमेकांना पूरक ठरत नाहीत, म्हणून आवाज अरुंद आणि कोरडा वाटतो, आणि दोष जातो धातूला.

कॅपोंच्या जातींमधला खरा फरक इथे उघड होतो. स्प्रिंगच्या कॅपोचा, म्हणजे कायझर किंवा डनलॉपच्या ट्रिगरसारख्या कॅपोचा, दाब कारखान्यातच ठरलेला असतो. तो जाड तारांनाही पुरावा म्हणून भरपूर ठेवलेला असतो. हलक्या तारांच्या गिटारवर तो अनेकदा गरजेपेक्षा जास्त ठरतो. शिवाय नेक वरच्या फ्रेटांकडे जाड होत जाते, तिथे स्प्रिंग जास्त उघडते आणि दाब आणखी वाढतो. चिमटा तिरका बसला तर तारा बाजूलाही ओढल्या जातात. म्हणून तो लावताना आधी तारांवर सरळ टेकवायचा आणि मग मूठ हळूच सैल करायची. शबसारख्या तरफेच्या कॅपोत छोटा स्क्रू फिरवून दाब ठरवता येतो. जी-सेव्हन्थच्या परफॉर्मन्स कॅपोत हाताने जेवढा दाबाल तेवढाच दाब राहतो. पेजसारखा नेकभोवती बसणारा कॅपो मागच्या स्क्रूने आवळत जायचा. स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये झटकन जागा बदलायची असेल तर स्प्रिंगला तोड नाही. रेकॉर्डिंगला बसायचं असेल तर मी दाब बदलता येणारा कॅपोच सुचवेन. तो पूर्ण सैल करून लावा, एकेक तार छेडत स्क्रू फिरवत जा आणि शेवटची खरखर थांबली की हात थांबवा.

पॅडच्या आकाराकडे कुणी फारसं पाहत नाही. बहुतेक स्टील-स्ट्रिंग गिटारांचा फ्रेटबोर्ड आडवा किंचित फुगीर असतो. मार्टिनची नेहमीची त्रिज्या 16 इंच, गिब्सनच्या बऱ्याच ॲकॉस्टिकची 12 इंच. क्लासिकल गिटारचा फ्रेटबोर्ड बहुधा सपाट. सपाट पॅड फुगीर बोर्डवर ठेवला तर मधल्या तारा जास्त दाबल्या जातात आणि कडेच्या दोन खरखरतात. मग माणूस कॅपो आणखी आवळतो, आणि मधल्या तारा चढतात. वक्र पॅड सपाट बोर्डवर ठेवला की याच्या उलट होतं. क्लासिकल गिटारवर स्टील-स्ट्रिंगचा कॅपो चालवून ‘नायलॉनवर कॅपो चांगला वाजतच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनी फ्लामेंको वादकांचा विचार करावा. स्पेनमध्ये सपाट लाकडी कॅपो खुंटीने आवळून पिढ्यान् पिढ्या वापरला जातो, आणि तो त्या गिटारवर अतिशय स्वच्छ वाजतो. कॅपो म्हणजे नवशिक्यांची कुबडी, या समजालाही तेवढंच उत्तर पुरे.

कॅपो कुठे टेकवायचा? फ्रेटच्या अगदी मागे, पण फ्रेटवर नव्हे. पॅड फ्रेटच्या डोक्यावर चढला तर तो वाजणाऱ्या तारेला शिवतो आणि आवाज बद्द होतो. दोन फ्रेटांच्या मधोमध लावला तर तार टेकवायला जास्त दाब लागतो आणि सूर चढतो. लावल्यानंतर ट्यूनरवर सहाही तारा पाहून घ्याव्यात, आणि काढल्यावर पुन्हा. कॅपो काढल्यावर तारा मूळ सुरावर येत नसतील, तर दोष नटच्या खाचांत असू शकतो. खाच घट्ट असली की ताणलेली तार तिथे अडकून राहते.

आता खर्जाची गोष्ट. ‘कॅपो लावला की गिटारचा खर्ज मरतो’ असं म्हणतात. निरीक्षण बरोबर आहे, पण त्यात कॅपो काहीही दाबत नाही. मोकळी सहावी तार 82.4 हर्ट्झवर वाजते. पाचव्या फ्रेटवर कॅपो लावला की ती 110 हर्ट्झवर जाते, सातव्यावर 123.5 वर. मोठ्या ड्रेडनॉट गिटारच्या पेटीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात डोलते. कॅपो वर सरकला की पेटीला हलवणारे खालचे स्वर उरतच नाहीत. उंच स्वर लवकर विझतात, म्हणून नाद कमी टिकल्यासारखाही वाटतो.

यात एक उलटा परिणामही दडलेला असतो. ड्रेडनॉटची तार साधारण 645 मिलिमीटर लांब असते. उजवा हात सॅडलपासून 13 सेंटिमीटरवर असेल तर आपण तार तिच्या पाचव्या भागावर छेडतो. सातव्या फ्रेटवर कॅपो लावला की तार उरते जेमतेम 430 मिलिमीटर, आणि तोच हात आता तिच्या जवळजवळ तिसऱ्या भागावर येतो. तार मध्याच्या जितकी जवळ छेडावी, तितका आवाज गोल आणि कमी धारदार. कॅपोने धार गेली असं वाटत असेल तर उजवा हात चार-एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकवून पाहा. नवा कॅपो घेण्याआधी हे नक्की करावं.

आपल्याकडे साथीला बसणाऱ्या गिटारवादकांना याचा रोज उपयोग आहे. गायिकेने काळी पाच सांगितली की ए शेप घेऊन पहिल्या फ्रेटवर कॅपो लावता येतो, जी शेप घेऊन तिसऱ्यावर, किंवा ई शेप घेऊन सहाव्यावर. तिन्हींत कॉर्डचा मूळ स्वर एकच, 116.5 हर्ट्झचा. पण पहिल्या प्रकारात तो पाचव्या तारेवर जवळजवळ पूर्ण लांबीने वाजतो आणि त्याखाली सहावी तारही मोकळी असते. तिसऱ्यात तो आखूड झालेल्या जाड सहाव्या तारेवर येतो आणि वरच्या तारा घंटीसारख्या चमकतात. एकच गिटार आणि एकच कॅपो असूनही आवाजात पडणारा हा फरक कुठल्याही दोन कंपन्यांच्या कॅपोंमधल्या फरकाहून कितीतरी मोठा आहे. ठुमकत्या भावगीताला पहिला प्रकार जड वाटतो, तर एकट्या आवाजाला तोच हवाहवासा.

जपणुकीबद्दल दोनच गोष्टी. कॅपो लावलेलीच गिटार दिवसचे दिवस केसमध्ये ठेवू नये. काही रबरांमुळे जुन्या पद्धतीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर डाग पडतात. आणि पॅडवर तारांच्या खोल खाचा पडल्या असतील तर दाब असमान होतो. चांगल्या कंपन्यांचे पॅड सुटे मिळतात. कॅपो टाकून देण्याआधी पॅड बदलून पाहावा.