मालिकेतली चूक आणि वहीतला लाल शेरा

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी मराठीचा निबंध दिला होता, ‘माझी आवडती मालिका’. बहुतेक मुलांनी नेहमीप्रमाणे लिहिले: मालिका छान आहे, नायक शूर आहे, आम्ही सगळे मिळून बघतो, त्यातून चांगला बोध मिळतो. एका मुलाने मात्र दोन पाने भरून तक्रार लिहिली होती. मोबाईलवर हिंदीत बघितलेली कुठलीशी परदेशी विज्ञानमालिका होती. भूतकाळात नेणारे यंत्र एकदाच चालेल आणि एकाच माणसाला नेईल, असे तिसऱ्या भागात सांगितले होते. आठव्या भागात नायक आणि त्याची बहीण दोघेही त्याच यंत्रातून गेले आणि परतही आले. ‘लेखकाला आपलेच आधीचे भाग आठवत नाहीत काय? आम्हाला आठवतात,’ असे त्याने शेवटी लिहिले होते.

मी लाल पेनाने शेरा मारला, ‘विषय सोडून लिहिले आहे. आवडती मालिका विचारली होती, तक्रार नाही.’ दहापैकी तीन गुण दिले आणि पुढची वही उचलली.

दोन महिन्यांनी बाजारात त्याची आई भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, “मॅडम, पहले दो-दो पन्ने लिखता था. अब पाँच लाइन लिखता है और कापी बंद.” तिने मला दोष दिला नाही. शेऱ्याबद्दल तिला माहीत होते की नाही, तेही कळले नाही. पण घरी येऊन मी त्या मुलाच्या नंतरच्या वह्या काढून पाहिल्या. खरेच, पाच ओळी. व्याकरण शुद्ध, अक्षर नेटके, मालिका छान, नायक शूर.

तेव्हा मला आधीच सुचायला हवे होते ते सुचले. ती मालिका त्याची आवडती नसती, तर तिसऱ्या भागातले एक वाक्य त्याने आठव्या भागापर्यंत लक्षात ठेवले असते का?

हे मला आमच्याच घरात शिकायला मिळाले होते, पण मी विसरले होते. १९९७ च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाले तेव्हा मी बारावीत होते. अब्बा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. पुढे मालिका रविवारी दुपारी लागू लागली, तेव्हा मोहल्ल्यातली निम्मी पोरे आमच्या घरात जमिनीवर बसलेली असायची आणि नेमकी मारामारी सुरू झाली की लाईन जायची. माझा धाकटा भाऊ तेव्हा सात-आठ वर्षांचा. एके दिवशी तो चिडून म्हणाला, “गंगाधरने चष्मा लावला की शक्तिमान कोणालाच ओळखू येत नाही. गीता तर पत्रकार आहे. तिलाही कळत नाही?” आम्ही बहिणी हसलो. रात्रपाळी करून पडून राहिलेले अब्बा मात्र उठून बसले आणि म्हणाले, “बात तो सही है. तू लिखता तो क्या करता?” भाऊ आठवडाभर त्यावर विचार करत होता. कधी म्हणे गीताला कळते, पण ती सांगत नाही. कधी म्हणे शक्तिमानचा आवाज वेगळा हवा. अब्बा प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून पुढचा प्रश्न विचारत. अब्बांकडे बी.एड. नव्हते. माझ्याकडे आहे.

‘शक्तिमान’ म्हणजे निव्वळ विज्ञानकथा नव्हे. त्यात योगशक्ती होती आणि डॉक्टर जॅकालच्या प्रयोगशाळेतले विज्ञानही होते. शुद्ध विज्ञानकथेच्या मालिका आपल्याकडे थोड्याच झाल्या. ‘शक्तिमान’च्या आधी दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’ होऊन गेल्या होत्या. १९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली. तिची कथा २१२३ सालात घडते आणि मिलिंद सोमण तिचे नायक होते. पण प्रेक्षकांच्या तक्रारीने मालिकेच्या लेखनात बदल कसा होतो, हे आपल्या देशाने पाहिले ते ‘शक्तिमान’मध्येच. मुले शक्तिमानची नक्कल करतात, तो वाचवायला येईल म्हणून धोका पत्करतात, अशा बातम्या येऊ लागल्या. पालक संतापले, वर्तमानपत्रांत टीका झाली. तेव्हा मुकेश खन्नांनी मुलांना थेट समजावायला सुरुवात केली आणि भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ येऊ लागल्या. मूल आपली चूक कबूल करते आणि ‘सॉरी शक्तिमान’ म्हणते, हे आपल्यापैकी अनेकांना आजही आठवत असेल. मालिका २००५ पर्यंत चालली. आई-वडिलांच्या तक्रारीने ती बंद पडली नाही, पण मुलांविषयीची जबाबदारी तिला पडद्यावर घ्यावी लागली.

परदेशांत अशा तक्रारींचा इतिहास आणखी जुना आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद होणार, असे कळताच प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला. शेवटी १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला पडद्यावरूनच सांगावे लागले की मालिका चालू राहील, आता पत्रे पाठवू नका. चाहते जिंकले. मात्र तिसऱ्या वर्षी मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ मिळाली आणि पहिल्याच भागात परग्रहावरची मंडळी स्पॉक या लाडक्या पात्राचा मेंदूच काढून पळवतात, अशी कथा आली. मालिकेचे जुने चाहते आजही या भागाची थट्टा करतात. १९६९ मध्ये मालिका संपली. पत्रांनी मालिका वाचवली, तिचे लेखन वाचवणे पत्रांच्या हातात नव्हते.

मला या सगळ्यात जवळची वाटते ती इंग्लंडमधली हकिकत. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका १९६३ पासूनची. ‘डॉक्टर’ नावाचा परग्रहवासी प्रवासी काळातून कुठेही जातो, हा तिचा गाभा. १९८६ मध्ये तिची ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ ही चौदा भागांची कथा संपली, तेव्हा बीबीसीच्याच ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात काही तरुण चाहत्यांना बोलावले होते. त्यांत सोळा वर्षांचा ख्रिस चिबनॉल होता. शेवटचा भाग लिहिणारे पिप आणि जेन बेकर हे पती-पत्नीही त्याच कार्यक्रमात होते. त्यांच्यासमोर हा मुलगा म्हणाला की कथा ठरावीक साच्यातली झाली आहे आणि ती अधिक चांगली लिहिता आली असती. लेखकांना ते आवडले नाही, त्यांनी आपली बाजू मांडली. पण मुलाला कोणी कार्यक्रमातून उठवले नाही, आणि तोही घरी जाऊन गप्प बसला नाही. तो मोठेपणी लेखक झाला. ‘ब्रॉडचर्च’ ही त्याची मालिका गाजली आणि २०१८ मध्ये ‘डॉक्टर हू’चे मुख्य लेखनच त्याच्याकडे आले.

आणि मग चाहत्यांनी त्याच्याच लेखनावर तक्रारी सुरू केल्या! संवाद भाषणासारखे होतात, डॉक्टरबरोबरचे प्रवासी एकदम तीन असल्यामुळे कोणालाच पुरेसे काम मिळत नाही, असे लोक म्हणू लागले. १ मार्च २०२० च्या भागात डॉक्टरच्या जन्माची जुनी समजूतच बदलून टाकली, तेव्हा पन्नासहून अधिक वर्षांची ओळख पुसली म्हणून अनेकजण रागावले, तर काहींना तेच आवडले. टीका करणाऱ्याला लिहायला बसवले की लिहिणे किती अवघड आहे ते कळते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण सोळाव्या वर्षीची त्याची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही.

त्या तीन प्रवाशांपैकी एक होती यास्मिन खान, शेफील्ड शहरातल्या पाकिस्तानी वंशाच्या मुस्लिम घरातली तरुण पोलीस. ही भूमिका मनदीप गिल यांनी केली. एका जगप्रसिद्ध विज्ञानमालिकेत असे पात्र आले, हीच आपल्याला मोठी गोष्ट वाटेल. पण चाहत्यांची तक्रार नेमकी तिच्याबद्दल होती: ती असते, पण तिला करायला काही नसते. ही तक्रार मला मोलाची वाटते, कारण केवळ नाव आणि चेहरा दाखवून हे प्रेक्षक समाधानी झाले नाहीत. त्यांना माणूस हवा होता. ११ नोव्हेंबर २०१८ ला विनय पटेल या भारतीय वंशाच्या लेखकाने लिहिलेला भाग आला. त्यात यास्मिन ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जाते आणि आपल्या नानीला तरुणपणी पाहते. नानी उंब्रीनचा निकाह नव्हे, लग्न नव्हे, दोघांनी मिळून ठरवलेला एक सोहळा प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी होतो आणि फाळणीच्या द्वेषात प्रेमचा जीव जातो. नानीने नातीला दिलेले बंद घड्याळ का बंद आहे, ते तेव्हा कळते. या भागाचे कौतुक झाले. मालिका तीच आणि यास्मिनही तीच होती. लिहिणाऱ्याने तिला घर, नानी आणि एक प्रश्न दिला, एवढाच फरक होता.

तक्रारीला एक काळी बाजूही आहे. २०२२ मध्ये ‘ओबी-वान केनोबी’ ही मालिका आली, तेव्हा मोझेस इन्ग्रम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला वर्णद्वेषी शिव्यांचे शेकडो निरोप आले. तिने ते लोकांसमोर ठेवले. कथा आवडली नाही, असे म्हणणे वेगळे आणि हिच्या रंगाची बाई पडद्यावर नको म्हणणे वेगळे. नाव आणि चेहरा पाहून निकाल लावणे काय असते, हे आपल्या घरांना कोणी सांगायला नको. म्हणून आपल्या मुलांना तक्रार करायला शिकवताना तिचा अदबही शिकवावा लागेल: लेखनावर बोला, माणसावर नाही.

याचे सुंदर उदाहरण मराठीतच आहे. १९७४ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नाव बाजूला ठेवून लेखन तपासले जावे, ही एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचीही इच्छा होती.

तेव्हा घरातले मूल मालिकेवर कुरकुरू लागले, तर “बघायची तर बघ, नाहीतर बंद कर,” असे म्हणण्याआधी थोडे थांबावे. नेमके कुठे चुकले, ते विचारावे. मालिकेने स्वतःच घातलेला नियम मोडला, की एखादे पात्र अचानक आपल्या स्वभावाबाहेर वागले, की गोष्ट नुसतीच आपल्या मनासारखी झाली नाही? या तिसऱ्या प्रश्नावर मुले बहुतेक वेळा हसतात, कारण कधी कधी तक्रार तेवढीच असते. आणि शेवटी अब्बांचा प्रश्न: तू लिहिला असतास तर काय केले असतेस?

मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावले. जुनी वही उघडून शेऱ्यावर रेघ मारली आणि म्हटले, “चूक माझी होती. आता तो आठवा भाग तू लिही. यंत्र एकदाच चालते, हे लक्षात ठेवून.” तो काही बोलला नाही. त्या आठवड्यात वही आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात साडेतीन पाने आली. यंत्र एकदाच चालते, म्हणून बहीण मागे राहते आणि भावाला परतीचा रस्ता कसा सांगायचा या विचारात माणिकगडाच्या एका दगडावर खूण कोरून ठेवते. शेकडो वर्षांपूर्वीच्या काळात गेलेला भाऊ ती खूण शोधतो.

मी ती वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. “मॅडम, खूण तर बहिणीने आज कोरली. तो शेकडो वर्षं मागे गेलाय. त्याला ती दिसेल कशी?”

वर्ग हसला. मुलगा लाल झाला, जरा रागावलाही. मग त्याने वही मागून घेतली, पेन काढला आणि ते वाक्य खोडले. सध्या तो तिसऱ्यांदा लिहितो आहे.