सायकल बसमध्ये चढवायची नसते!

“कामाला जाताना सायकल आणि बस जोडीने वापरा,” असं पुण्यात कुणालाही सांगून बघा. उत्तर ठरलेलं असतं. “अहो, पीएमपीत माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तिथे सायकल कुठे कोंबणार?” वर एक विजयी हसू. हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता आधीच सांगून टाकतो: सायकल बसमध्ये न्यायचीच नाहीये. घरून थांब्यापर्यंत सायकल, तिथे कुलूप, पुढे बस. संपलं.

या गैरसमजाला थोडी आपली एसटीही जबाबदार आहे. टपावर दोरीने बांधलेली सायकल ज्यांनी पाहिली, त्यांच्या डोळ्यांपुढे तीच येते. त्यात भर अमेरिकेतल्या छायाचित्रांची. सिअ‍ॅटलच्या बसना पुढे सायकली ठेवायची लोखंडी चौकट असते, हे खरं. पण तिच्यात मावतात तीन सायकली. चौथा आला की त्याने पुढच्या बसची वाट बघायची. जी सोय एका बसमागे तिघांना पुरते, तिच्यावर शहराची वाहतूक कशी चालणार? सायकलींच्या देशात, नेदरलँड्समध्ये, काय करतात बघा. उट्रेख्तच्या रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे. माणसं पुढे जातात, सायकली तिथेच थांबतात. रेल्वेच्या जागी बस घाला, हिशोब तोच.

आता गणित. दहा मिनिटांत माणूस साधारण ८०० मीटर चालतो. ताशी १५ किलोमीटरच्या निवांत वेगाने सायकल तेवढ्याच वेळात अडीच किलोमीटर जाते. त्रिज्या तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होतं, हे शाळेत शिकलोय आपण. म्हणजे तेवढ्याच वेळात त्याच थांब्यावर नऊपट मोठ्या परिसरातले लोक पोहोचू शकतात. सोसायटीच्या दारातून तासाला एखादी बस जात असेल, पण मुख्य रस्त्यावर बसमागून बस असते. सायकल तुम्हाला त्या रस्त्यावर नेऊन सोडते; लांबचा पल्ला बस मारते.

“आणि सायकल चोरीला गेली तर?” हा मात्र रास्त प्रश्न. मी माझी चहाच्या टपरीशेजारच्या लोखंडी कठड्याला बांधतो. तिथे दिवसभर चार डोळे असतात. कुलूप सांगाडा, चाक आणि कठडा या तिन्हींतून गेलं पाहिजे. नुसतं पुढचं चाक बांधलंत, तर संध्याकाळी तेवढंच घरी न्यायला उरेल.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

“घाम येतो.” दहा मिनिटं सावकाश चालवलीत तर फारसा नाही. उन्हात चालत गेलात तरी येतोच की.

“धुरात सायकल म्हणजे फुप्फुसांची वाट.” ‘प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन’ या नियतकालिकातला २०१६चा अभ्यास सांगतो, की हवेत पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलं, तरी रोज दीड तास सायकल चालवेपर्यंत व्यायामाचा फायदा प्रदूषणाच्या तोट्याहून जास्त असतो. तुम्ही जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिनिटं चालवणार.

“पावसाळ्यात काय?” धो-धो पावसात चालत किंवा रिक्षाने थांब्यावर जा. व्रत घेतलेलं नाही.

“सायकलने कामावर जातं कोण?” २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. बसने जाणारे सुमारे ११ टक्के.

तेव्हा मागायचंच असेल, तर बसमध्ये जागा मागू नका. थांब्याजवळ सायकल बांधायला भक्कम कठडा, वर पत्रा आणि रात्री दिवा मागा. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत दहा सायकली आरामात मावतात.