रस्त्यांवरील वृक्षांची मोजणी व निगा

आपल्या घरांत माणसें किती हें कोणासही सांगतां येतें. परंतु शाळेच्या फाटकापासून पहिल्या चौकापर्यंत झाडें किती, असें विचारिल्यास बहुतेकांस थांबावें लागेल. आमच्या नगर शहरांत (२०२४ पासून यास अहिल्यानगर म्हणतात) वर्षाकाठीं सुमारें २२-२३ इंच पाऊस पडतो. अशा मुलखांत रस्त्याच्या कडेचा एक कडुनिंब वाढविण्यास किती उन्हाळे खर्ची पडतात, हें घरांतील वडील माणसांस विचारावें.

नागरी वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रांत १९७५ सालीं झाला. दर पांच वर्षांनीं वृक्षगणना व्हावी, असें त्यांत सांगितलें आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षें वा अधिक वयाच्या वृक्षास वारसावृक्ष ही संज्ञा मिळाली, व झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन आलें. आतां ज्या झाडाची नोंदच नाहीं, त्याचें वय कोण सिद्ध करणार? रस्ता रुंद करतांना तें एका रात्रींत नाहींसें झालें, तर मागें पुरावा काय उरतो? म्हणून ही मोजणी आम्हांस नुसती आंकडेमोड वाटत नाहीं.

न्यूयॉर्क शहरीं १९९५ पासून दर दहा वर्षांनीं नागरिकांच्या साह्यानें अशी गणना झाली. २०१५ सालीं २,२०० हून अधिक स्वयंसेवकांनीं भाग घेतला, व रस्त्यांवरील ६,६६,१३४ झाडांची नोंद झाली.

साहित्य थोडें लागतें: शिंप्याची फीत, वही, पेन्सिल आणि दोघे-तिघे सोबती. जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर बुंध्याचा घेर मोजावा. त्यास ३.१४ नें भागिलें कीं व्यास येतो. घेर १५७ सेंटिमीटर असेल तर व्यास ५०. (गणिताच्या तासास ज्यांस झोंप येते, त्यांनीं हें अवश्य करून पाहावें.) मात्र घेराआधीं झाडाचें नांव लिहावें. मादागास्करहून आलेला गुलमोहर झपाट्यानें जाड होतो, चिंच सावकाश वाढते. तेव्हां जाड तें सर्व जुनें, असें समजूं नये.

नांवानंतर प्रकृति पाहावी. सालीच्या आंतील थरांतून पानांनीं तयार केलेलें अन्न मुळांकडे जातें. जाहिरातीच्या पाटीसाठीं ठोकलेला खिळा नेमका तोच थर फोडतो, आणि त्या जखमेंतून बुरशी व किडे आंत शिरतात. पुण्यांत २०१८ सालीं ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेच्या तरुणांनीं असे खिळे उपटण्याचें काम हातीं घेतलें. लोखंडी पिंजराही वेळेवर न काढल्यास वाढत्या खोडांत रुततो. ज्यानें लहानपणीं राखिलें तोच पुढें गळा आवळतो! बुंध्यापर्यंत ओतलेल्या काँक्रीटनें मुळांची हवा व पाणी बंद होतें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं दिल्लींतील झाडांभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

पालकांस आमची विनंती अशी कीं, खिळे काढण्याचें काम मोठ्यांच्या देखरेखीखालीं व्हावें. फांद्या छाटणें परवानगीवांचून नको, आणि मुलांनीं वाहत्या रस्त्यांत उतरूं नये. लहानांस पाणी घालण्याचें काम द्यावें. नव्या रोपास पहिले दोन-तीन उन्हाळे फार कठीण जातात. पाणी सकाळीं किंवा सायंकाळीं, खोडापासून वीतभर दूर आळें करून घालावें व वर वाळलेला पाला पसरावा. भाजी-तांदूळ धुतलेलें पाणी चालतें, साबणाचें नको.