ओट्यामागील कांच

फोडणी तडतडली कीं तेलाचे थेंब प्रथम उडतात ते ओट्यामागील भिंतीवर. कुकरची वाफ, रश्शांतील हळद, कणकेचा हात आणि भांडीं विसळतांना उडालेलें पाणी, या सर्वांचा मारा तीच भिंत सोसते. चुलीच्या काळांत ती धुरानें काळी पडे आणि सणावाराला चुन्याचा हात देऊन पांढरी करण्यांत येई. गॅसची शेगडी आली, धूर गेला. परंतु तेल आणि वाफ राहिलीं. ही भिंत धुतां यावी म्हणून तिला प्रथम चिनी मातीच्या टाइल लागल्या आणि आतां कांचेच्या टाइलहि बाजारांत मिळतात. परभणी जिल्ह्यांतील मानवतसारख्या कापसाच्या पेठेंत, मालाचे पैसे हातीं आल्यावर एखाद्या कुटुंबानें स्वयंपाकघराचें काम काढलें, तर कोणती टाइल घ्यावी हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतोच. कांच निवडावयाची असेल तर तिचा स्वभाव आधीं समजून घेतला पाहिजे.

भिंतीला कांच लावण्याची कला जुनीच आहे. इटलींतील राव्हेन्ना शहरीं सहाव्या शतकांतील सान व्हिताले या चर्चमध्यें कांचेच्या बारीक तुकड्यांचीं भित्तिचित्रें आहेत व तीं आजहि पाहावयास मिळतात. महाराष्ट्रांत पैसा फंडाचा कांच-कारखाना तळेगांव येथें १९०८ सालीं सुरू झाला. पुढें १९१६ मध्यें ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. कंदिलाची चिमणी रोज पुसणाऱ्या गृहिणीला कांचेचे दोन गुण पाठ होते. काजळी कांचेच्या वर बसते, आंत मुरत नाहीं. आणि तापलेल्या कांचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते. ओट्यामागील कांचेचा सारा विचार या दोन गुणांवरच करावयाचा आहे.

पहिला गुण घेऊं. भिंतीच्या साध्या चिनी मातीच्या टाइलचें अंग सच्छिद्र असतें; तिच्या वजनाच्या शेंकडा १० हून अधिक पाणी ती शोषूं शकते. वरचा चकचकीत लेप तेवढा तिचें रक्षण करतो. कांच मात्र पाणी मुळींच शोषीत नाहीं. त्यामुळें हळदीचा डाग तिच्यांत शिरत नाहीं. परंतु हाच गुण बसवितांना आडवा येतो. सिमेंट छिद्रांत शिरून पकड घेतें. कांचेला छिद्रेंच नसल्यामुळें नुसत्या सिमेंट-वाळूवर बसविलेली टाइल कालांतरानें सुटण्याचा संभव असतो. यासाठीं पॉलिमर मिसळलेलें, पिशवींतून मिळणारें टाइल-अ‍ॅडहेसिव्ह वापरावें. पिशवीवर भारतीय मानक १५४७७ हा आंकडा आहे कीं नाहीं आणि तें कांचेसाठीं चालतें असें लिहिलें आहे कीं नाहीं, हें पाहूनच तें घ्यावें. तें पांढरें असावें. कारण पारदर्शक कांचेंतून करड्या सिमेंटचे डाग आणि थापीच्या रेघा आरपार दिसतात.

कांचेचे मुख्यतः तीन प्रकार मिळतात: २० मिलिमीटर चौरस तुकड्यांचें मोझेक, चार इंच किंवा त्याहून मोठ्या टाइल, आणि मागून रंग दिलेलें एकसंध तावदान. मोझेक दिसावयास मोहक. पण त्याचे सांधे मोजून पाहावे. ओटा ८ फूट लांब व लावण्याची उंची २ फूट धरली तर भिंत १६ चौरस फूट होते. दोन मिलिमीटरचा सांधा ठेवला तर एवढ्या जागेंत मोझेकचे सांधे सुमारें ४४० फूट भरतात. चार इंची टाइलचे मात्र सुमारें ९६ फूट. डाग कांचेवर राहत नसला तरी सांध्यांत राहतो. तेव्हां ज्या घरीं रोज दोन वेळां फोडणीचा स्वयंपाक होतो त्या घरीं शेगडीमागें मोठी टाइल किंवा एकसंध तावदान घ्यावें आणि मोझेकची हौस एखाद्या पट्टीपुरती ठेवावी, हें उत्तम. खरेदी करतांना शेंकडा १० माल जास्त घ्यावा. पुढें एखादी टाइल फुटली तर त्याच रंगाची पुन्हां मिळेलच असें नाहीं.

आतां दुसरा गुण. एक मीटर लांबीची कांच ३० अंश तापली तर सुमारें पाव मिलिमीटर वाढते. वाढावयास जागा न मिळाली तर ती तडकते अथवा उचलते. म्हणून टाइल एकमेकींना भिडवूं नयेत. आणि जेथें भिंत ओट्याला किंवा दुसऱ्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यांत सिमेंट न भरतां लवचिक सिलिकॉन भरावें. एकसंध तावदान घ्यावयाचें झाल्यास तें टफन्ड, म्हणजे सुमारें ६५० अंशांपर्यंत तापवून एकदम थंड केलेलें असावें. तें साध्या कांचेहून चौपट-पांचपट बळकट असतें आणि फुटलें तरी त्याचे बोथट बारीक खडे होतात. तथापि एकदां टफन्ड झालेली कांच कापतां येत नाहीं. विजेच्या प्लगची जागा, नळाचें भोक, सर्व मापें आधींच देऊन तीं कारखान्यांत पाडून घ्यावीं लागतात. माप चुकलें तर तावदान फुकट गेलें.

परंतु मानवतच्या घरमालकानें कांचेहून अधिक विचार भिंतीचा केला पाहिजे. गांवाच्या भाषेंत काळी आणि पांढरी असे जमिनीचे दोन भाग आहेत. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पूर्वजांनीं घरें पांढरीवर बांधलीं, त्याला कारण होतें. कापसाची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. वस्ती वाढून घरें काळींत गेलीं कीं पाया उथळ असलेल्या भिंती ऋतूगणिक हलतात आणि त्यांना तिरप्या चिरा पडतात. गिलाव्याची चीर बुजवितां येते. कांच मात्र भिंतीबरोबर चिरते. यासाठीं काळींतील नव्या घरांत एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊं द्यावा. चिरेवर पेन्सिलीनें आडव्या खुणा करून तारीख लिहावी. चीर वाढत असेल तर प्रथम पायाचा इलाज, मग कांच. पांढऱ्या मातीच्या जुन्या जाड भिंतीवर तर टाइल थेट बसवूंच नये. ती माती ओल घेते आणि सोडते. तिच्यापुढें विटेची स्वतंत्र पडदी उभारून तिच्यावर काम करावें.

कामासाठीं हिंवाळा निवडावा. उन्हाळ्यांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हां भिंतीवर पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर पाहतां पाहतां साय धरते आणि तें पकड घेत नाहीं. गिलावा ओळंब्यानें व गुण्यानें तपासावा, जुना रंग खरवडून टाचे मारावे आणि धूळ झाडावी. दांतेरी थापीनें अ‍ॅडहेसिव्ह ओढून मग थापीच्या सपाट बाजूनें रेघा मोडाव्या. मोझेकचे ताव घेतांना पुढून कागद लावलेले घ्यावे. मागची जाळी पारदर्शक कांचेंतून दिसते. ताव लाकडी ठोकळ्यानें हलकेंच ठोकून बसवावा, पकड आल्यावर कागद भिजवून सोलावा. तुकडा कापणें झाल्यास कांचेच्या हिरकणीनें कापावा आणि कारागिराच्या डोळ्यांवर चष्मा असावा.

दुसऱ्या दिवशीं सांधे भरावे. ग्राउटमध्यें वाळू नसावी. वाळूनें कांचेवर ओरखडे उठतात. शेगडीमागें इपॉक्सी ग्राउट महाग पडलें तरी घ्यावें, कारण तेल आणि हळद त्यांत सहसा मुरत नाहींत. काम संपल्यावर तेजाबानें धुण्याची कांहीं गवंड्यांची संवय असते. ती येथें निक्षून बंद करावी, कारण तेजाब सिमेंटचे सांधे खातें. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके कांचेवर उमटले तर फडक्यावर लिंबाचा रस घेऊन पुसावे व लगेच साध्या पाण्यानें धुवावें. शेगडी भिंतीपासून वीतभर पुढें ठेवावी, आणि तापलेल्या कांचेवर ओला बोळा फिरविण्याची घाई करूं नये. कंदिलाची चिमणी निवल्यावांचून तिला पाणी न लावणाऱ्या आजीचा नियम या कांचेलाहि तसाच लागू आहे.